पहिल्या नंबराची कादंबरी

अनुजानं ‘रिकामी बाजू’चं नाव घेतलं तेव्हा विजयसिंह सरनोबतांच्या मुठीत भडंग होतं आणि मूठ तोंडाशी पोचली होती. ती तिथंच थांबली. बाकी कुणाचं काही थांबलं नाही. सुरेखाताई मगदुमांच्या स्वयंपाकघरात चहा उकळत होता. त्यांचे यजमान नेमगोंडा आपल्या ठरलेल्या ऐतिहासिक कादंबरीसाठी सालाबादप्रमाणे भांडून नुकतेच कोचावर रेलले होते. राजारामपुरीतली ही दहाबारा वाचणारी माणसं महिन्यातून एकदा मगदुमांच्या फ्लॅटमध्ये जमायची, आणि वर्षाच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकानं आपल्या आवडीच्या तीन कादंबऱ्या नंबरवारीनं सांगायच्या असा रिवाज होता. तिसरी आधी, मग दुसरी, सगळ्यात शेवटी पहिली. कुणाची घसरली, कुणाची वर चढली, यावर निवडणुकीच्या निकालासारखी चर्चा व्हायची. सरनोबत नवराबायकोच्या निकालात मात्र कुणाला रस नसायचा. ‘लाल मातीचा उंबरठा’, दोघांचाही पहिला नंबर, इतकी वर्षं न चुकता. नेमगोंडा तर म्हणायचे, तुमचं दोघांचं मिळून एकच मत धरू या. आणि आज अनुजानं आधी तिसऱ्या नंबरावर ‘उंबरठा’ सांगितली. विजयसिंहांना वाटलं, चुकली, पहिल्या नंबरापासूनच सुरू केलं हिनं, आता कुणीतरी हसेल आणि ही सुधारेल. ती सुधारली नाही. दुसरी कुठलीशी अनुवादित कादंबरी तिनं सांगितली, आणि मग पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत, अगदी सहज, चौथीच्या वर्गाला धडा सांगावा तशी म्हणाली, “पहिली, ‘रिकामी बाजू’.” का, असं सुरेखाताईंनी विचारलं. विचारायचं असतंच म्हणून विचारलं. अनुजा म्हणाली, “त्यातली बाई खोटं बोलत नाही. फक्त सांगत नाही.”

खिडकीशी बसलेल्या आदर्शनं मान डोलावली. हा कॉलेजात शिकवणारा चाळिशीचा माणूस या पावसाळ्यापासून यायला लागला होता. त्याच्या डोळ्यावरचा चष्मा विजयसिंहांच्याच दुकानातला होता. मान डोलावताना तो नाकावरून घसरला आणि त्यानं तो बोटानं वर सारला. विजयसिंहांना आठवलं, ‘रिकामी बाजू’चं कौतुक या मंडळीत पहिल्यांदा यानंच केलं होतं, जुलैत की ऑगस्टमध्ये. तेव्हा अनुजा काय करत होती? ऐकत होती. सगळेच ऐकत होते, पण ती कशी ऐकत होती? चहाचा कप हातात तसाच धरून ऐकत होती का? आठवणीला ताण दिला की आठवण हवी तशी वाकते, हे त्यांना कळत होतं, तरी त्यांनी ताण दिला. कप तिच्या हातात होता, आणि चहावर साय धरली होती, असं त्यांना दिसलंच.

मग त्यांची स्वतःची पाळी आली. त्यांनी आपल्या तीन सांगितल्या, पहिली ‘उंबरठा’, आणि सांगताना आवाज उगाच मोठा लागला. नेमगोंडा हसून म्हणाले, “आता तुमी एकटंच राहिला की हो उंबरठ्यावर.” सगळे हसले. अनुजाही हसली.

परतताना ती स्कूटरवर मागं बसली होती. रविवार संध्याकाळची राजारामपुरी, दुकानांचे दिवे, क्लास सुटलेल्या पोरापोरींच्या गाड्या. विजयसिंहांनी आरशात तिचा चेहरा बघायचा प्रयत्न केला, पण आरसा मागच्या रिक्षासाठी लावलेला होता, बायकोसाठी नव्हता. अखेर त्यांनी मान न वळवताच विचारलं की नंबर कसा काय बदलला. ती म्हणाली, परत वाचली, या वेळी आवडली. पुस्तक तेच असतं, माणूस बदलतो. हे ती इतकं सरळ म्हणाली की पुढं विचारायला जागाच उरली नाही, आणि जागा उरली नाही हेच त्यांना खटकलं. माणूस बदलतो म्हणजे कोण बदललं? कशानं बदललं? तिची शाळेची नोकरी संपून वर्ष झालं होतं. लेक लग्न होऊन पुण्याला. घरात दोघंच. बदलायला काही घडावं लागतं, आणि त्यांच्या घरात तर काही घडत नव्हतं. सकाळी दहाला ते दुकान उघडत, दुपारी जेवायला येत, रात्री साडेआठला शटर ओढत. मग बदल शिरला कुठल्या दारानं?

‘रिकामी बाजू’ त्यांनी पूर्वी कधीतरी निम्मी वाचून ठेवून दिली होती. एका कारकुनाची बायको रोज दुपारी, नवरा कचेरीत गेला की, मिळेल त्या एस्टीत बसते आणि कुठल्यातरी गावी उतरते. तिथल्या देवळात नाही तर झाडाखाली तासभर बसते, आणि संध्याकाळच्या आत परत येऊन कुकर लावते. संपलं. ती कुणाला भेटत नाही, का जाते हे लेखक सांगत नाही. विजयसिंहांनी तेव्हा पुस्तक मिटून म्हटलं होतं, यात काही घडतच न्हाय, आणि अनुजा म्हणाली होती, न्हायच घडत. तेव्हा ती सहमत झाल्यासारखं वाटलं होतं. आज त्या वाक्याला दुसरीच बाजू दिसायला लागली. घरी आल्यावर ती कपडे बदलायला आत गेली आणि ते पुस्तकांच्या कपाटापुढं उभे राहिले. ‘उंबरठा’ जागेवर होती, पुठ्ठा घातलेली, पाठीवर त्यांच्या अक्षरात नाव. ‘रिकामी बाजू’ नव्हती. तिच्या जागी फट होती, आणि शेजारचं पुस्तक त्या फटीत कलून पडलं होतं. कपाटाच्या त्या फळीवर धूळ होती, फटीत नव्हती.

‘उंबरठा’ची गोष्ट वेगळी होती. ती गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. अनुजाला बघायला ते शिरोळला गेले होते तेव्हा ते सव्वीस-सत्तावीसचे असतील. पुराच्या वर्षी भिंतीला पाणी लागलेल्या खुणा अजून दिसत होत्या अशी ती बैठकीची खोली, आणि पोहे घेऊन आलेली ही. काय विचारावं सुचत नव्हतं. बरोबर थोरला भाऊ होता, अमरसिंह. दादा म्हणजे वाचणारा माणूस, वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात गल्ल्यामागं मांडीवर पुस्तक धरून बसायचा, गिऱ्हाईक आलं की बोट घालून मिटायचा. गाडीतच त्यानं सांगितलं होतं, शिकलेली पोरगी हाय, आवडती कादंबरी विचार, बरं दिसतंय. विजयसिंहांनी विचारलं. ती म्हणाली, ‘लाल मातीचा उंबरठा’. ते म्हणाले, माझी पण. त्यांनी ती वाचलेली नव्हती. साखरपुडा झाल्यावर दादाकडून मागून घेऊन त्यांनी ती दोन रात्रींत संपवली, परीक्षेला बसल्यासारखी, आणि ती खरोखरच आवडली की आवडून घेतली हे त्यांना पुढं कधी ठरवता आलं नाही. इतक्या वर्षांत ते खोटं सायीसारखं घट्ट होत होत खरं झालं होतं. आता पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, आपण एक शब्द न वाचता ‘माझी पण’ म्हणालो. तिनं तरी वाचली होती का?

पुढचे दिवस त्यांनी बघण्यात घालवले. ती फोनवर किती बोलते, हसताना दाराकडं बघते का, आंघोळीआधी फोन कुठं ठेवते. काही सापडत नव्हतं. ती शेजारणीशी भाजीवरून हुज्जत घालत होती, लेकीला थंडीची औषधं सांगत होती, रात्री पाठ करून झोपत होती, पण ती पहिल्यापासूनच पाठ करून झोपायची. जे दिसत होतं ते सगळं पूर्वीचंच होतं, आणि त्यातलं काहीही आता पूर्वीसारखं दिसत नव्हतं. गुरुवारी दुपारी ती नेहमीसारखी म्हणाली, उचगावला जाऊन येते. गेले काही महिने ती गुरुवारी उचगावला जायची. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. तिच्या शाळेतली कुणी बाई उचगावात राहते एवढं त्यांच्या डोक्यात होतं, पण हे तिनं सांगितलं होतं की आपणच ठरवलं होतं? ती केसांना कंगवा फिरवत होती आणि ते जेवणाच्या ताटावर बसून तिच्या पाठीकडं बघत होते. विचारावं, असं त्यांच्या जिभेवर आलं. पण विचारलं तर ती सांगेल, आणि सांगितलं तर ते खरं आहे की नाही हे पुन्हा शोधावं लागेल. न विचारलेलंच बरं. ती दारात चप्पल घालत असताना शेजारीण आली आणि दोघी बाहेर बोलत उभ्या राहिल्या. पर्स सोफ्यावर होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या पर्समध्ये त्यांनी कधी हात घातला नव्हता. आता घातला, आणि आपलीच बोटं त्यांना परक्याची वाटली. रुमाल, किल्ल्या, गोळ्यांचं पाकीट, आणि तळाशी एक चष्म्याचं घर.

ते काळं, स्वस्तातलं, नाव नसलेलं घर होतं. त्यांच्या दुकानातलं नव्हतं. चष्मेवाल्याच्या बायकोच्या पर्समध्ये दुसरीकडचा चष्मा. त्यांनी ते घर विचार न करता खिशात टाकलं. ती आत आली, पर्स उचलली आणि गेली. पर्स हलकी झाल्याचं तिला कळलं नाही.

दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी शटर निम्मं खाली ओढलं आणि चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. जाड, पुरुषी फ्रेम, मोठ्या तोंडाची. जवळच्या वाचनाचा नंबर, चांगला तीनच्या वर, आणि वर तिरका नंबर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, सत्तरीकडं झुकलेल्या माणसाचा. म्हणजे आदर्श नव्हे. क्षणभर त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच संशयानं दुसरीकडं पाय रोवले. तरुण माणूस असता तर ती वेडेपणाची गोष्ट झाली असती, चार दिवसांची. पण म्हातारा माणूस, ज्याचा चष्मा ती पर्समध्ये घेऊन फिरते, ही काय गोष्ट झाली? वेडेपणाहून हे कितीतरी जास्त होतं. हे संसारासारखं होतं. त्यांनी काचा पुन्हा यंत्राखाली धरल्या. चष्मा वाईट बनवलेला होता. तिरक्या नंबराची दिशा चुकलेली, काचांचा मध्य डोळ्यांवर बसणार नाही असा. कुठल्यातरी शिबिरात घाईनं वाटलेला असावा. हा घालून कुणी वाचायला बसला तर दहा ओळींत डोकं दुखून पुस्तक खाली ठेवील. ज्याचा कुणाचा हा चष्मा होता त्याला वाचता येत नव्हतं. हे त्यांना धंद्याच्या सवयीनं समजलं, आणि समजूनही काही समजलं नाही.

आठवडाभर ते माणसांची नाकं बघत हिंडले. भाजी मंडईत, बँकेच्या रांगेत, दुकानात येणाऱ्या प्रत्येक सत्तरीच्या माणसाच्या तोंडावर ती जाड फ्रेम ते मनातल्या मनात चढवून बघत. मोठ्या तोंडाचा माणूस हवा, रुंद कपाळाचा. तिच्या शाळेचे जुने हेडमास्तर? ते वारले. नेमगोंडा? त्यांचा नंबर तोंडपाठ होता, बसत नव्हता. चष्मा त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत पर्समध्ये ठेवून दिला होता, आणि ती त्याबद्दल काही बोलली नव्हती. तिच्या लक्षात आलं नव्हतं की लक्षात येऊनही गप्प होती? संध्याकाळी ती टीव्हीसमोर मटार सोलत बसली की त्यांना वाटे, हिच्या शेजारी, सोफ्याच्या मोकळ्या जागेवर, कुणीतरी बसलेलं आहे आणि ते फक्त मला दिसत नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांनी दुकान दोनलाच बंद केलं. ती केएमटीच्या बसमध्ये चढली तेव्हा ते कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या आडोशाला स्कूटर घेऊन उभे होते, हेल्मेट घालून. एरवी ते हेल्मेट कधी घालत नसत. बसच्या मागच्या काचेतून तिचा आंबोडा दिसत होता. आपण अठ्ठावन्न वर्षांचे, बाजारात मान असलेले, आणि बायकोच्या आंबोड्यामागं स्कूटर हाकतोय, हे त्यांना दिसत होतं, जसं दुसऱ्या कुणाचं तरी दिसावं तसं. हायवेच्या पुलाखाली बस थांबली, सुटली. ते परत फिरणार होते. दोनदा फिरणार होते. उचगावात ती उतरली, गूळ-शेंगदाण्याच्या दुकानातून काहीतरी घेतलं, आणि पायवाट ठाऊक असलेल्या माणसासारखी इकडंतिकडं न बघता एका बोळात शिरली. तिच्या चालीत घाई होती. घरी भाजी करपत असतानासुद्धा तिला अशी घाई नसायची.

बोळाच्या शेवटी एक बसकं, नवं प्लास्टर केलेलं घर होतं, पुढं पेरूचं झाड. दार तिनं ढकललं आणि आत गेली. कडी वाजवली नाही. विजयसिंह झाडाच्या अलीकडं भिंतीला लागून उभे राहिले. खिडकी उघडी होती. बराच वेळ भांड्यांचा आवाज झाला, पाणी ओतल्याचा, खुर्ची सरकवल्याचा. मग तिचा आवाज आला, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती वाचत होती. ‘रिकामी बाजू’ वाचत होती, त्यातली ती बाई कुठल्याशा स्टँडवर उतरते आणि बाकड्यावर बसलेल्या कुत्र्याला उठवत नाही, शेजारी उभीच राहते, ते पान. पण हा आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता. वर्गात शिकवतानाचा नव्हे, घरातलाही नव्हे. सावकाश, खालच्या पट्टीतला, वाक्याच्या शेवटी थांबून पुढच्याची चव घेणारा. हा आवाज हिच्यात कुठं होता? इतकी वर्षं शेजारी झोपून तो ऐकू कसा आला नाही? मध्येच एक पुरुषी घोगरा आवाज काहीतरी म्हणाला, शब्द तोंडात चघळल्यासारखे, आणि अनुजा हसली आणि तीच ओळ तिनं पुन्हा वाचली.

“कोण पायजे पावणं?”

मागं एक म्हातारी धुण्याची बादली घेऊन उभी होती. कुणाचं घर आहे, एवढं विजयसिंहांनी विचारलं. ती शेजारीण होती, अंबूबाई, आणि तिला बोलायला कुणीतरी हवंच होतं. घर तेजस्वीचं, पोरगी दिवसभर कामावर असते, तिचा बाप आजारी, अर्धं अंग गेलंय, तोंडही वाकडं, दिवसा आपणच लक्ष ठेवतो, गुरुवारी तेवढी सुट्टी, गुरुवारी मास्तरीणबाई येतात. “बुकं वाचून दावत्यात म्हाताऱ्याला,” ती म्हणाली. “भावाची बायकु हाय म्हणं. तीच काय ती येती. भाऊ काय येत न्हाय.”

तेजस्वी हे पुतणीचं नाव ऐकताच ते समजले होते. दादा लेकीकडं उचगावात राहायला आलाय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दादा. मोठ्या तोंडाचा, रुंद कपाळाचा. सगळ्या गावाच्या नाकावर तो चष्मा चढवून पाहिला आणि एवढं एक नाक सुटलं. वडील गेल्यावर काही वर्षं दोघं भाऊ जुन्या दुकानात एकत्र होते. एके दिवशी भर गिऱ्हाइकांत दादा एका बाईला म्हणाला, “माझ्या भावानं दिलेला नंबर चुकलाय, मी दुसरा करून देतो.” नंबर खरंच चुकला होता. म्हणूनच ते शब्द मनातून गेले नाहीत. विजयसिंह त्याच दिवशी पायऱ्या उतरले, राजारामपुरीत स्वतःचं दुकान थाटलं, आणि दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. लग्नकार्यात दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसायचे. दादाला झटका आल्याचं कळलं तेव्हा अनुजा म्हणाली होती, जाऊन येऊ या का. पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले होते, तुला जायचं तर जा. मग ती गेली होती. त्यांनीच पाठवली होती, आणि विसरून गेले होते.

आत जायचं की परत फिरायचं, हे त्यांनी ठरवलं नाही. अंबूबाईनंच दारातून हाक मारली, पावणं आल्यात, आणि मग आत जाण्यावाचून काही उरलं नाही. अनुजानं मान वर केली. घाबरली नाही, दचकलीही नाही. तिनं पुस्तकात बोट घातलं आणि ते मिटलं. कॉटवर उशांना टेकून दादा बसला होता, निम्म्यानं कमी झालेला, तोंडाची डावी बाजू ओघळलेली. त्यानं डोळे बारीक करून दाराकडं पाहिलं. आकार दिसला असावा, चेहरा ओळखायला वेळ लागला. मग त्याच्या चांगल्या बाजूचा ओठ हलला.

“बस,” तो म्हणाला.

विजयसिंह स्टुलावर बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते त्या पुस्तकाकडं बोट करून म्हणाले, यात काय घडतच न्हाय, तुला कशी आवडती ही. दादानं बराच वेळ शब्द गोळा केले. “घडतंय की,” तो म्हणाला, आणि लाळ पुसायला अनुजानं पुढं केलेला रुमाल त्यानं उजव्या हातानं बाजूला सारला. “ती... रोज परत येती. कुणी बोलवत न्हाय, तरी येती. मला सांग, असं कुठल्या कादंबरीत... घडतंय?” एवढं बोलून तो दमला आणि डोळे मिटून पडला. या कादंबरीला पहिला नंबर त्यानं दिला होता हे उघड होतं. पण तिनंही तोच दिला होता. त्याचा ऐकून दिला, की तिचा ऐकून त्यानं?

नंतर थोडं बोलणं झालं, तेजस्वीच्या नोकरीचं, औषधाचं. निघताना विजयसिंह म्हणाले की दादाचा चष्मा चुकीचा बनलाय, मी सामान घेऊन येतो, नंबर काढतो, दोन दिवसांत दुसरा करतो. तो चष्मा यांनी कधी पाहिला, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. अनुजानं पर्स उघडली, काळं घर काढून त्यांच्या हातात दिलं. ते शनिवारी खरंच परत गेले, काचांची पेटी घेऊन. दादाच्या नाकावर तपासायची लोखंडी फ्रेम चढवली, एकेक काच घालत गेले, ही बरी की ही, ही की आधीची, आणि दादा प्रामाणिकपणे, चिडत, चुकत उत्तरं देत गेला. त्याचा गाल धरून मान सरळ करताना त्यांच्या तळव्याला दाढीचे खुंट लागले. वडिलांची दाढी अशी लागायची. शेवटची काच बसली तेव्हा दादानं समोर धरलेल्या पेपरातली ओळ अडखळत वाचली, मग पुढची, मग पेपर खाली घेतला आणि त्यांच्याकडं नीट बघितलं. “म्हातारा झालास की रं,” तो म्हणाला.

हे सगळं चांगलं झालं होतं. रात्री झोपताना त्यांना अनेक वर्षांत वाटलं नव्हतं तसं हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणातच त्यांनी अनुजाला विचारलं की तो चष्मा तिच्याकडं कधीपासून होता. ती पाठ करून पडली होती. म्हणाली, “दिवाळीच्या आधीपास्नं. तुम्हाला दाखवायला आणला होता.”

“मग दाखवला का न्हाईस?”

तिनं पांघरूण खांद्यापर्यंत ओढून घेतलं. मग भिंतीकडं तोंड असतानाच म्हणाली, “विचार करत होते.” एवढंच. कसला विचार, हे त्यांनी विचारलं नाही. तुम्ही चिडाल, असा विचार असेल. भावाचं नाव घरात नको, असा असेल. हे सोपं होतं, आणि पटण्यासारखं होतं, आणि इतकं सोपं असल्यामुळंच त्यांना झोप लागेना. दिवाळीच्या आधीपासून चष्मा तिच्या पर्सच्या तळाशी होता. तेवढे गुरुवार दादाला वाचता येत नव्हतं, आणि ती त्याला वाचून दाखवत होती, त्या आवाजात. तो आवाज आता कुठं जाईल? चष्मा झाला की दादा आपलं आपण वाचेल. तो आधीपासूनच एकटा वाचणारा माणूस. ती जाईल, बसेल, चहा करेल, आणि परत येईल. हे तिनं केव्हाच ओळखलं होतं का? अंधारात तिच्या पाठीचा उंचवटा सावकाश वरखाली होत होता. आपली बायको दादावर माया करते की त्या आवाजावर, हे त्यांना कळेना. दोन्हींतलं कुठलं जास्त सोसवेल, तेही कळेना.

काचा दुकानात होत्याच. सोमवारी त्यांनी त्या घासून नव्या, हलक्या फ्रेममध्ये बसवल्या, यंत्राखाली धरून दोनदा तपासल्या. काम नीट झालं होतं, वडिलांनीही नाव ठेवलं नसतं. चष्मा कापडात गुंडाळून त्यांनी खणात ठेवला. गुरुवारी दुपारी उचगावला निघालेली अनुजा वाटेत दुकानावर आली. एरवी गुरुवारी ती इकडं येत नसे. काउंटरपाशी उभी राहिली, पिशवीतून पुस्तकाचं टोक दिसत होतं. नवं पुस्तक होतं, त्यांनी न पाहिलेलं.

“झाला का हो दादांचा चष्मा?”

खण त्यांच्या गुडघ्याला लागून होता. ते तिच्याकडं बघत राहिले, पिशवीकडं, पुन्हा तिच्याकडं. उचगावात दादा डोळे बारीक करून दाराकडं बघत बसला असेल.

“न्हाय,” ते म्हणाले. “काचा यायच्यात अजून.”

तिच्या मागं भिंतीवर काचांचे डबे ओळीनं लावलेले होते. हे दुकान उघडल्यापासून ती ते बघत आली होती, कुठल्या डब्यात काय असतं हे तिला ठाऊक होतं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. त्यांच्याकडं मात्र पाहिलं, नीट, काहीतरी नव्यानं मोजावं तसं.

“बरं,” ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून बसच्या दिशेनं चालू लागली.